बॉनेटवरचा जुना मोनो

मला कारमध्ये जायचं नव्हतं. गेल्या वर्षी आमच्या कंपनीने ट्रकचा धंदा कारपासून तोडून त्याची वेगळी कंपनी काढली, नवं नाव, नवं चिन्ह, सगळं नवं. अकोल्याच्या आमच्या शोरूममधल्या प्रत्येक पुरुषाला विचारलं गेलं की बाबा, तू कुठे जाणार. मला कोणी विचारलंच नाही. बाईमाणूस म्हणजे कारमध्ये, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. कारचं नवं शोरूम अमरावतीला होणार होतं, काचेचं, एसीचं. तिथे मी बसायचं आणि येणाऱ्यांना रंग दाखवायचे. "ताई, धुळीतून सुटल्या तुमी," असं वॉचमन मला रोज सकाळी सांगायचा, आणि माझं डोकं रोज सकाळी फिरायचं.

अकरा वर्षं मी अकोल्यात छोटे ट्रक विकत होते. पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक आत येऊन माझ्याकडे बघायचं आणि विचारायचं, "साहेब कुठं गेले?" मी म्हणायची, "साहेब मीच." मग ते उगाच टायरला लाथ मारून बघायचे, मला काही येतं का याची परीक्षा म्हणून. मला सगळं येत होतं. कोणत्या गाडीत कांद्याची किती पोती बसतात, बार्शीटाकळीच्या रस्त्याला कोणती गाडी टिकते, स्प्रिंगचे पाटे कधी बसतात, हे मी पाठ केलं नव्हतं, गाड्यांमध्ये बसून फिरून शिकले होते. त्यामुळे कार घेणाऱ्या माणसाशी बोलायला मला कधी जमलं नाही. तो विचारतो की आत बसल्यावर कसं वाटतं. ट्रक घेणारा विचारतो की एका फेरीत सुटतं किती. मला दुसरा प्रश्न समजतो.

कंपनी का फोडली हे सांगायला पुण्याहून एक साहेब आले होते. अमरावतीच्या एका हॉटेलात आम्हा सगळ्यांना बसवलं, पडद्यावर चित्रं दाखवली. साहेब हुशार होते, समजावून सांगत होते. कारचं मॉडेल दर दोन-तीन वर्षांनी जुनं होतं, ट्रकचं होत नाही. कारला आता बॅटरीच्या मागे धावायचंय, ट्रकला अजून बरीच वर्षं डिझेलवर पोट भरायचंय. कार सणावाराला विकते, ट्रक रस्ते, सिमेंट आणि शेतमाल हलला की विकतो. अशा दोघांना एकाच घरात, एकाच नावाखाली ठेवलं की दोघांनाही धड वाढता येत नाही, आणि कंपनीत पैसे घालणाऱ्यालाही कळत नाही की आपण नेमके कशात घातले. यापुढे साहेब आणखी बरंच बोलले. ते मी ऐकलं नाही. मी शेठच्या हातातल्या यादीकडे बघत होते. शेठ म्हणजे आमचे डीलर, अमरावती आणि अकोला दोन्ही शोरूमचे मालक. त्या यादीत माझं नाव कुठे आहे, एवढंच मला दिसत होतं. चहाच्या सुट्टीत मी शेठना गाठलं आणि म्हटलं, अकोल्याचं शोरूम आता फक्त ट्रकचं होणार ना, मग त्याची इन्चार्ज मी.

शेठ हसले. मग मी हसत नाहीये हे बघून गंभीर झाले. "आता ट्रकची कंपनी वेगळी. माझ्या एकट्याच्या हातात नाही राहिलं. साहेब अकोल्याला येऊन बघतील, ते म्हणतील तो इन्चार्ज."

म्हणजे साहेब येतील त्या दिवशी माझं शोरूम चकचकीत आणि गिऱ्हाईक खूश दिसायला हवं होतं. त्याच आठवड्यात बार्शीटाकळीचे काका आले.

काका माळी. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि एका तुकड्यात झेंडू. त्यांचा पहिला छोटा ट्रक मीच दिला होता, आठ वर्षांपूर्वी. त्या ट्रकने त्यांनी स्वतःचा भाजीपाला तर नेलाच, गावातल्या निम्म्या लोकांचा नेला. त्या ट्रकच्या जिवावर आमच्या दोन कारही विकल्या गेल्या. हे पुण्यात कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण आमच्याकडे माणूस कार घेताना म्हणतो, "या कंपनीचा ट्रक पाह्यला म्या, पत्रा दणकट हाय." ट्रकने कमावलेल्या नावावर कार खपायची. काकांनी आता दुसरी गाडी बुक केली होती, आणि त्यांच्या मागून गावातल्या आणखी तिघांनी. ते तिघे काकांच्या तोंडाकडे बघून चालणारे. काका घेतील तर घेतील.

बुकिंग झालं तेव्हा कंपनी एक होती. गाडी आली तेव्हा दोन झाल्या होत्या.

काका काकूंना घेऊन गाडी बघायला आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि समोर येऊन थांबले. बॉनेटवर कंपनीचं चिन्ह असतं, त्याला आमच्याकडे मोनो म्हणतात. त्या मोनोवर त्यांनी बोट ठेवलं. खिशातून मोबाइल काढला, त्यात त्यांच्या जुन्या गाडीच्या मोनोचा फोटो होता. दोन्ही शेजारी धरून बघितले.

"ताई, हे ते नाई."

मी म्हटलं, "काका, नाव बदललं फक्त. गाडी तेच हाय."

"बियान्याच्या वक्ती बी असंच म्हनतात."

आता हे ऐकून हसू येईल, पण हसण्यासारखं नव्हतं. आमच्या भागात बियाण्याची पिशवी कशी घेतात हे ज्याला माहीत आहे त्याला काका काय म्हणत होते ते लगेच कळेल. पिशवीचं सील बघायचं, लॉट नंबर बघायचा, नावातलं प्रत्येक अक्षर बोट ठेवून वाचायचं, मागच्या वर्षीच्या रिकाम्या पिशवीशी ताडून बघायचं. छपाईचा रंग जरा इकडेतिकडे वाटला तरी पिशवी परत. पेरल्यावरही टॅग, बिल आणि मूठभर बी जपून ठेवायचं, उगवलं नाही तर दाखवायला. काका एकदा फसले होते. दुकानदाराने सांगितलं, कंपनी तीच आहे, पॅकिंग नवीन आहे. उगवलं काहीच नाही आणि अख्खा हंगाम गेला. तेव्हापासून नवीन पॅकिंग हा शब्द त्यांच्यासाठी शिवीसारखा झाला होता.

मी समजावत बसले. भावाभावांची वाटणी झाली असं समजा, म्हटलं. रक्त तेच, घरं दोन. हे त्यांना पटेल असं मला वाटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग वाटणीत चांगलं वावर कोनाच्या हिस्स्याले आलं?"

त्यांनी परत मोनोवर बोट ठेवलं.

"भाऊ दोन तऱ्हेनं वेगळे निंगतात ताई. एक सोताहून निंगते, अन् एकाले काढून देतात. काढून देल्लेल्याले पडीक देतात. कंपनीनं ट्रकले काढून देल्लं का? सांगा तुमी."

मला माहीत नव्हतं. हॉटेलातल्या त्या सभेत साहेबांनी कदाचित हेच सांगितलं असेल, आणि मी यादीत डोकं घालून बसले होते. माहीत नाही, साहेबांना विचारून सांगते, असं म्हणायला काय हरकत होती? पण अकरा वर्षं मी या माणसासमोर सगळं माहीत असलेली बाई होते. मला राग आला. काकांचा आला, कंपनीचा आला, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीचा आला की साहेब येणार त्याच आठवड्यात माझं बुकिंग रद्द होणार, आणि त्यामागे आणखी तीन.

मी म्हटलं, "काका, हे गाडी नव्या लॉटमधली चुकून आली वाटते. जुन्यातली गाडी मांगवतो मी. बुधवारी अकराले या."

हे मी सरळ तोंडावर खोटं बोलले. जुन्यातली गाडी वगैरे कुठेच नव्हती.

ते गेल्यावर मी स्पेअर पार्टच्या काउंटरमागे गेले. आमचे मिस्त्री तिथे होते, शोरूम सुरू झालं तेव्हापासूनचे, माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे. मी विचारलं, जुने मोनो शिल्लक आहेत का. त्यांनी खोक्यातून एक काढून दिला, आणि कशाला हवा ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मोनो परत हातात घेतला.

"ताई, तोंडावर एक अन् कागदावर एक, हे बरं नाई."

"कागद कोन वाचते?" मी म्हटलं.

"काका वाचतात."

"मिस्त्री, तुमाले लावाचा असन तं लावा, नाई तं मी लावतो."

मी त्यांच्याशी अशी कधी बोलत नसे. ते उठले. गरम हवेने नवा मोनो सोडवला, डिंकाचे डाग पुसले आणि जुना बसवला. नीट मध्यावर बसवला. मी लांबून बघितलं तर गाडी आठ वर्षांपूर्वी मी विकलेल्या गाडीची सख्खी बहीण दिसत होती. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

मंगळवारी संध्याकाळी शेठचा फोन आला. साहेब शुक्रवारी येणार होते ते उद्याच येताहेत, सकाळी अकराला. काकांना मी बुधवारी अकरालाच बोलावलं होतं. मी काकांना फोन लावला, उद्याऐवजी परवा या म्हणायला. फोन काकूंनी उचलला. म्हणाल्या, मुहूर्त पाहिलाय, हार करायला झेंडू तोडून ठेवलाय, आता दिवस बदलता येत नाही. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

बुधवारी सकाळी आठलाच मी शोरूम गाठलं. ती गाडी वॉशिंगच्या रॅम्पमागे नेऊन उभी केली, वर ताडपत्री टाकली. हिशोब असा होता की साहेब एका तासात समोरचं बघून निघतील, तोवर काकांना चहा देऊन बसवायचं. मिस्त्रींनी ताडपत्रीचं एक टोक बांधायला मदत केली. माझ्याकडे बघितलं नाही.

साहेब पावणेअकराला आले. सोबत शेठ. साहेब भिंतीवरचे बोर्ड बघत होते, जुनं चिन्ह कुठे राहिलंय का तेच शोधत होते. "जुनं चिन्ह ट्रकवर, पाटीवर, बिलबुकावर कुठेही दिसता कामा नये," ते म्हणाले. "कार आणि ट्रक लोकांच्या डोक्यात वेगळे व्हायला हवेत. नाहीतर वेगळं होण्याला अर्थ नाही." शेठ म्हणाले, आमच्याकडे सगळं बदललंय. मी मान हलवली. माझी पाठ घामाने भिजली होती आणि पंखा डोक्यावरच होता.

साहेबांनी वर्कशॉप बघितलं. अवजारं बघितली, मिस्त्रींशी दोन शब्द बोलले. मग रॅम्पच्या दिशेने निघाले. मी म्हटलं, तिकडे चिखल आहे सर. "ट्रकच्या वर्कशॉपमध्ये चिखल नसेल तर काळजी करायची," ते म्हणाले आणि पुढे गेले. त्याच वेळी फाटकातून काका आले, जुन्या ट्रकमधून, काकू शेजारी, मागे ते तिघे गाववाले. काकूंच्या मांडीवर झेंडूचा हार, हातात नारळ. मी काकांना हाताने आतल्या खोलीकडे दाखवलं. काका थेट माझ्याकडे आले.

"आली का जुन्यातली?"

साहेब वळले. "जुन्यातली म्हणजे?"

मी काही बोलायच्या आत काकांनी ताडपत्रीखालून डोकावणारे टायर बघितले. त्यांना कोणी अडवणार कसं, गाडी त्यांची. त्यांनीच ताडपत्री ओढली. जुना मोनो उन्हात चमकला. काका खूश झाले. "हां," ते म्हणाले, "आता बराबर." आणि त्यांनी माझ्याकडे कागद मागितले.

कागद शेठच्या हातात होते, साहेबांना दाखवायला घेतलेल्या डिलिव्हरीच्या फायलीत. त्यांना काही कल्पना नव्हती, त्यांनी देऊन टाकले. काका बॉनेटला टेकून वाचायला लागले, बियाण्याची पिशवी वाचतात तसे, बोट ठेवून, एकेक अक्षर. मला त्यांचं बोट कुठवर आलंय ते दिसत होतं. गिऱ्हाइकाचं नाव. गाव. गाडीचा प्रकार. मग बनवणाऱ्या कंपनीचं नाव, नवं. तिथे बोट थांबलं. त्यांनी मान वर करून मोनो बघितला, परत कागद बघितला.

"हे पाहा," ते त्या तिघांना म्हणाले. "पुड्यावर एक, बिलावर एक. म्या म्हनलं होतं ना तुमाले. डुप्लिकेट हाय हे."

साहेबांचा चेहरा बदलला. "हा बॅज कोणी लावला?"

मी बोलायला तोंड उघडलं. एवढ्यात मिस्त्री पुढे आले. "म्या लावला साहेब. म्या पार्ट बदलत होतो, चुकून लागला."

माझी सुटका तिथे उभी होती. मिस्त्रींची निवृत्ती वर्षावर आली होती, त्यांना कोणी काही म्हणालं नसतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरलं गेलं असतं. मी दोन श्वास गप्प राहिले. ते दोन श्वास मला आजही आठवतात आणि लाज वाटते. मग मी म्हटलं, "त्यांनी नाही सर. मी लावायला लावला. ते नको म्हणत होते. काकांना नवा मोनो नको होता, गाडी रद्द करत होते, म्हणून मी खोटं सांगितलं."

मग साहेबांनी जे केलं ते मी काका पहिल्यांदा गाडी बघायला आले तेव्हाच करायला हवं होतं. त्यांनी काकांना गाडीजवळ बसवलं, लोखंडात ठोकलेला चेसिस नंबर पुसून दाखवला, कागदावरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवायला लावला. मग इंजिनाचा. "काका, चिन्ह चिकटवता येतं. हा नंबर चिकटवता येत नाही," ते म्हणाले. काकांनी नखाने नंबर खरवडून बघितला. नंबर पक्का होता. मग त्यांनी साहेबांनाही तोच प्रश्न विचारला. चांगलं वावर कोणाच्या हिश्श्याला आलं?

साहेब हसले नाहीत. "इतकी वर्षं ट्रक कमवायचा आणि ते कारच्या नव्या मॉडेलांवर खर्च व्हायचं," ते म्हणाले. "आता ट्रकचं कमावलेलं ट्रकवरच लागेल. कारखाना तोच, कारागीर तेच. ट्रकला काढून दिलं नाही, ट्रक स्वतःहून निघाला. पण एक सांगतो, आता पाठीशी दुसरा भाऊ नाही. धंदा पडला तर एकट्याचा पडेल."

काकांनी हातातल्या कागदांची घडी केली. वाईट बाजूही सांगितली म्हणून त्यांना ते खरं वाटलं असावं. "मंग ठीक हाय," ते म्हणाले. "हे आधी काहून नाई सांगतलं कोनी?"

मिस्त्रींनी जुना मोनो काढला, नवा बसवला. काकूंनी त्यालाच हळदीकुंकू लावलं, हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. ते तिघे गाववाले आपापल्या गाड्यांचं विचारायला लागले. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुन्हा असं केलंत तर घरी जाल. पण चारही गिऱ्हाइकं तुमच्यासाठी इथवर येतात, हे मी पाहिलं. अकोला तुम्ही सांभाळा." शेठ हसून माझ्याकडे बघत होते. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि मला खरंच आनंद झाला, तिथे उभ्या उभ्या डोळ्यांत पाणी आलं.

आमच्याकडे किल्ली विकणाऱ्याने द्यायची असते, आणि घेणारा ती कपाळाला लावून घेतो. मी किल्ली ताटात ठेवली, वर फूल ठेवलं आणि काकांसमोर धरली. त्यांनी हात पुढे केला नाही. आवाजात राग नव्हता, चारचौघांसमोर माझा अपमान करायचा असंही नव्हतं. त्यांनी जवळ येऊन हळूच विचारलं, मला एकटीलाच ऐकू जाईल असं.

"ताई, पहिल्या गाडीच्या वक्ती काय काय खोटं सांगतलं होतं?"

"काहीच नाई काका," मी म्हटलं. ते खरं होतं. पहिल्या गाडीच्या वेळी मी त्यांना एकही शब्द खोटा सांगितला नव्हता.

काका माझ्याकडे बघत राहिले. विश्वास ठेवायची त्यांची इच्छा दिसत होती, पण जमत नव्हतं. मग त्यांनी मिस्त्रींना हाक मारली, ताटातली किल्ली त्यांना उचलायला लावली, आणि त्यांच्या हातून घेऊन कपाळाला लावली.